माडीची चव : मतभेदाचे स्वरूप आणि मराठीतील रुचिवाचक प्रयोग

१. प्रश्नाची मांडणी

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजेच १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर नारळीच्या वाड्यांची एक लांबलचक पट्टी आहे. अलिबाग तालुक्यातील तिचा भाग अष्टागर या नावाने प्रसिद्ध असून नागाव, चौल, रेवदंडा ही त्यातील परिचित गावे होत. या पट्टीत माडाच्या रसापासून मिळणारी माडी हे फार जुने पेय आहे, आणि तिच्या चवीविषयी एकमत आढळणे हे तितकेच जुने दुर्मीळ आहे. एकाच मडक्यातील माडीला एक जण ‘गोड’ म्हणतो, दुसरा ‘आंबट’ म्हणतो आणि तिसरा तिच्यात ‘काही दम नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. पुण्यामुंबईच्या बिअरगृहांत ताज्या, लहान प्रमाणावर बनविलेल्या बिअरविषयी जो वाद चालतो, त्याचे रूपही याहून फारसे वेगळे नाही.

अशा वादाचा निकाल ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीने लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही म्हण खोटी नाही. परंतु ती वादाचे कारण सांगत नाही, केवळ वाद थांबविते. चवीविषयीच्या मतभेदात तीन भिन्न गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. कधी वस्तूच निराळी असते, कधी जीभ निराळी असते आणि कधी केवळ शब्द निराळा असतो. या तीन गोष्टी वेगळ्या केल्या म्हणजे मतभेदाचा बराच भाग उलगडतो. शिवाय असा निवाडा करण्याची साधने मराठीच्या नित्याच्या वाक्यरचनेत आधीच उपलब्ध आहेत. हे दोन मुद्दे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. वस्तू : घटकेघटकेला बदलणारा रस

माडाची न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतात, ती हलक्या हाताने ठोकून मऊ करतात आणि तिचे टोक दररोज पातळ कापतात. कापातून ठिबकणारा रस खाली टांगलेल्या मडक्यात जमा होतो. चांगल्या झाडापासून दिवसाला साधारणतः एक ते दोन लिटर रस मिळतो. झाडावर चढून हे काम करणे हा किनाऱ्यावरील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होय.

ताजा रस जवळजवळ नितळ असतो. त्यात शेकडा बारा ते पंधरा या प्रमाणात साखर असून आंबटपणा नाममात्रही नसतो. मात्र ही अवस्था फार काळ टिकत नाही. हवेतील, पोयीवरील आणि मुख्यतः मडक्याच्या अंगात मुरलेले सूक्ष्म जीव पहिल्या थेंबापासूनच कामास लागतात. प्रथम दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू रसाला किंचित आंबट करतात. त्यापाठोपाठ किण्वे साखरेचे रूपांतर मद्यार्क आणि कर्बवायू यांत करतात. शेवटी शिरकाम्ल निर्माण करणारे जंतू मद्यार्काचाच शिरका बनवू लागतात. या तिन्ही क्रिया एकमेकींत मिसळूनच चालतात, पण त्यांचा जोर मात्र क्रमाने येतो. एका दिवसाच्या आत मद्यार्काचे प्रमाण शेकडा चार ते सहापर्यंत पोहोचते. रस दुधाळ दिसू लागतो, कारण त्यात असंख्य किण्वपेशी तरंगत असतात.

याचा अर्थ असा की, ‘माडी’ हे एका पदार्थाचे नाव नसून एका प्रवाहाचे नाव आहे. सकाळी उतरविलेली माडी आणि तीच माडी संध्याकाळी, हे रसायनदृष्ट्या दोन निराळे पदार्थ होत. त्यात ऋतूचाही भाग असतो. वैशाखातील उकाड्यात ही क्रिया झपाट्याने होते, मार्गशीर्ष-पौषात ती रेंगाळते. त्यामुळे घड्याळातील तीच वेळ दोन ऋतूंत दोन चवी दाखविते. मडके नवे की जुने, नुसते विसळलेले की खरवडून धुतलेले, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कारण जुने मडके दह्याच्या विरजणासारखे कार्य करते.

झाडाचा प्रश्न याहून निराळा. माडाची ती माडी आणि ताडाची ती ताडी, हा भेद मराठीने नावातच राखला आहे. इंग्रजीत गेलेला ‘टॉडी’ हा शब्द मात्र ‘ताडी’पासून निघून सर्व झाडांच्या रसाला सरसकट लागू झाला. शिंदीचा रस खोडाला खाच देऊन काढतात. भेरली माडाचाही रस काढला जातो आणि त्याचे ‘सुरमाड’ हे दुसरे नाव त्याची साक्ष देते. तेव्हा दोन माणसांचा वाद ऐकताना प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, दोघांच्या पेल्यांत एकाच झाडाची, एकाच घटकेची वस्तू होती काय? पुष्कळदा ती तशी नसते, आणि मग वाद उरतच नाही.

३. शब्द : ‘आंबणे’ या धातूची दुहेरी निष्ठा

समजा, वस्तू एकच आहे. तरीही शब्द वाद उत्पन्न करू शकतात. रुचिवाचक शब्दांचे अर्थ स्थिर असतात ही समजूत इतिहासाला धरून नाही. आयुर्वेदाच्या परिभाषेत ‘कटु’ म्हणजे मिरीसारखा झोंबणारा रस आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखा रस. मराठीत ‘कटु’पासून आलेल्या ‘कडू’ने तिक्ताची जागा घेतली आणि झोंबणाऱ्या रसाकरिता ‘तीक्ष्ण’शी संबंधित ‘तिखट’ हा शब्द रूढ झाला. ‘सुरा’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. प्राचीन वाङ्मयातील सुरा ही मुख्यतः धान्य आंबवून केलेली, म्हणजे आजच्या बिअरच्या जवळची. गोव्यात मात्र ‘सूर’ म्हणजे माडाची माडी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार पृथक् नोंदविलेले आहेत. धान्याचे, फळाचे व गुळाचे मद्य एकाच शब्दात कोंबण्याची घाई त्या ग्रंथकाराने केलेली नाही.

माडीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आंबणे’ हा होय. इंग्रजीतील तत्सम क्रियावाचक शब्द लॅटिनमधील उकळण्याच्या अर्थाच्या धातूपासून आला आहे; तेथे लक्ष फेसाकडे आहे. मराठीने त्याच क्रियेला ‘अम्ल’ या रसावरून नाव दिले. येथे लक्ष चवीकडे आहे. परिणामी, मराठी बोलणाऱ्याला किण्वन आणि आंबटपणा या दोन गोष्टी भाषेतच एकरूप झालेल्या आढळतात. आणि हा शब्द एकाच वेळी स्तुतीचा व निंदेचाही आहे. इडलीचे पीठ ‘छान आंबले’ म्हणजे काम साधले; रात्रीचा भात ‘आंबला’ म्हणजे तो टाकून द्यावयाचा. माडी ‘आंबली’ असे म्हणणारा यांपैकी कोणत्या अर्थाने बोलतो? फेसाळ, किंचित आंबट माडीचा भोक्ता हे वाक्य समाधानाने उच्चारतो. सकाळच्या गोड रसाची सवय असलेला तेच वाक्य तक्रारीच्या सुरात उच्चारतो. दोघांनी वर्णन एकच केलेले असते. फरक मूल्याचा असतो.

४. वाक्यरचना : आहे, लागते, झाली, चढते

शब्दांची ही संदिग्धता वाक्यरचना मात्र बऱ्याच अंशी दूर करते. पुढील वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

(अ) ही माडी आंबट आहे.
(आ) ही माडी मला आंबट लागते.
(इ) ही माडी आंबट झाली.
(ई) ही माडी चढते.

पहिल्या वाक्यात गुणाचा आरोप वस्तूवर आहे. दुसऱ्यात ‘मला’ या रूपाने अनुभव घेणारा वाक्यात प्रविष्ट झाला आहे. ही दोन वाक्ये परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे निषेधाच्या कसोटीने सहज सिद्ध होते. तापातून उठलेल्या माणसाला भाकरी कडू लागते, म्हणून भाकरी कडू असते असे कोणी म्हणत नाही. ‘तुला ती आंबट लागते, पण ती आंबट नाही’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. त्याचप्रमाणे ‘आंबट आहे खरी, पण मला तशी लागली नाही’ हेही.

अडचण उद्भवते ती मधल्या एका रूपामुळे. ‘ही माडी आंबट लागते’ या वाक्यात अनुभव घेणारा अध्याहृत आहे. तो ‘मला’ असेल किंवा ‘कोणालाही’ असेल. बोलणारा पहिला अर्थ घेऊन बोलतो, ऐकणारा दुसरा अर्थ घेऊन प्रतिवाद करतो, आणि वाद पेटतो. तत्त्वज्ञ माक्स क्योल्बेल यांनी २००४ साली ज्याला ‘निर्दोष मतभेद’ म्हटले, म्हणजे दोघे परस्परविरुद्ध बोलतात पण चूक कोणाचीच नसते, त्याचे मराठीतील निवासस्थान हेच अध्याहृत स्थान होय. तेथे ‘मला’ हा एक शब्द घातला की निदान या प्रकारचा विरोध मावळतो.

तिसऱ्या वाक्यात काळ आहे. ‘झाली’ म्हणण्यात ती पूर्वी तशी नव्हती हे गृहीत आहे. म्हणजेच या वाक्याचा वक्ता माडीला प्रवाह मानतो. आधीच्या विवेचनाच्या प्रकाशात हे वाक्य वस्तुस्थितीच्या सर्वांत निकट आहे. माडीसंबंधी ‘आंबट आहे’ हे विधान वेळ सांगितल्याखेरीज अपुरेच राहते.

चौथे वाक्य चवीचे नाहीच. ते परिणामाचे आहे. व्यवहारात मात्र ते चवीच्या वादात सर्रास घुसते, आणि ‘दम’, ‘कडक’ हे शब्द त्याच्या साहाय्याला येतात. ‘कडक’ हा शब्द चहाच्या बाबतीत स्वादाचा, उन्हाच्या बाबतीत तीव्रतेचा आणि मद्याच्या बाबतीत बहुधा अंमलाचा असतो. चव आणि अंमल यांची ही सरमिसळ का घातक ठरते, हे पुढे दिसून येईल.

५. जीभ : बिअरचा पडताळा

तिसरे कारण जिभेचे. आर्थर फॉक्स या रसायनज्ञाला १९३१ साली असे आढळले की, एक विशिष्ट गंधकयुक्त संयुग काहींना अत्यंत कडू लागते तर काहींना बेचव लागते. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. सर्वच कडू पदार्थांना हा नियम लागू पडत नसला, तरी जिभांची रचना समान नसते एवढे यावरून निश्चित होते. त्यात सवयीची आणि शेजारच्या पदार्थाची भर पडते. गोडी आंबटपणाला झाकते; म्हणून दुपारच्या माडीत साखर शिल्लक असताना आम्ल असूनही ते जाणवत नाही.

या ठिकाणी बिअरचे उदाहरण उपयुक्त आहे, कारण तिच्या चवीचा अभ्यास अधिक पद्धतशीर झालेला आहे. मोड आणून वाळविलेले सातू, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले, किण्व आणि पाणी ही तिची सामग्री. पुण्यात २००९ साली ‘डूलॅली’ या नावाने बिअरचे छोटेखानी उत्पादनगृह सुरू झाले आणि तेव्हापासून महाराष्ट्रात या प्रकारच्या ताज्या बिअरचा प्रसार झाला. कारखान्यातील नितळ, सौम्य लागरची सवय असलेल्या माणसाला गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमधील केळ्याचा आणि लवंगेचा गंध दोष वाटतो. जाणकाराच्या दृष्टीने तो गंध नसणे हाच दोष. हे दोन्ही गंध किण्वाच्या एका विशिष्ट जातीतून निर्माण होणाऱ्या ठरावीक संयुगांचे आहेत. लोण्यासारखा वास देणारे डायअसिटिल लागरमध्ये त्याज्य मानले जाते, पण काही इंग्लिश एल-प्रकारांत ते थोड्या प्रमाणात खपवून घेतले जाते. ब्रसेल्सच्या परिसरातील लाम्बिक ही बिअर तर माडीप्रमाणेच हवेतील व पिंपातील रानटी किण्वांवर सोडलेली असते आणि तिचा आंबटपणा हाच तिचा गौरव होय. तात्पर्य, संयुग तेच असूनही ‘गुण’ आणि ‘दोष’ ही नावे प्रकाराच्या अपेक्षेने ठरतात. प्रकाराचे नाव हे येथे मापदंडाचे काम करते.

परिभाषेची एकवाक्यता साधण्याचे प्रयत्नही बिअरच्या क्षेत्रात झाले. मॉर्टन माइलगार्ड यांनी १९७० नंतरच्या दशकात बिअरच्या स्वादांचे चक्र तयार केले. त्यात प्रत्येक संज्ञेला शक्य तेथे एक प्रमाण-पदार्थ जोडलेला आहे. अशा जोडणीवाचून शब्द किती पोकळ असतात हे भाषाशास्त्रज्ञ एड्रिएन लेहरर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या वाइनविषयक ग्रंथात दाखविले आहे : हौशी पिणाऱ्यांपैकी एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याने नेमका पेला ओळखणे हे योगायोगापेक्षा फारसे सरस ठरले नाही. आणि डोळा जिभेला फसवितो तो निराळाच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांनी गंधहीन रंगाने लाल केलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले.

मग जाणकारी हा सगळा भ्रमच काय? तसे म्हणता येत नाही. डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ च्या आपल्या निबंधात ‘डॉन किहोते’मधील एक कथा घेतली आहे. दोन जाणकार एका पिंपातील मद्य चाखतात. एकाला त्यात चामड्याची चव जाणवते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली सापडते. या कथेचे मर्म असे की, दोघांचा मतभेद हा खोटा मतभेद होता आणि दोघांची जीभ खरी होती. फक्त तळ दिसेपर्यंत ते सिद्ध करण्याचे साधन नव्हते.

असे साधन आज उपलब्ध आहे. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात विकसित झालेली त्रिकोण-कसोटी त्यांपैकी एक. तीन पेले ठेवावयाचे, दोहोंत एकच पेय व तिसऱ्यात दुसरे. चाखणाऱ्याने निराळा पेला ओळखावयाचा. अंदाजाने यश येण्याचा संभव एक-तृतीयांश. पुनःपुन्हा त्याहून बरेच अधिक यश आले, तर भेद खरा. ‘आवडते’ की नाही, हा प्रश्न येथे विचारला जात नाही. केवळ भेद जाणवतो काय, एवढेच पाहिले जाते. माडीसाठी ही कसोटी लावताना पेले एकाच घटकेला भरणे व बर्फात ठेवणे अगत्याचे आहे, नाहीतर परीक्षा चालू असतानाच परीक्ष्य पदार्थ बदलून जाईल.

६. कायदा, बाजार आणि शब्दांचा संकोच

चवीची ही चर्चा केवळ शास्त्रीय कुतूहलाची नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडी काढणे ही परवान्याची आणि झाडावरील कराची बाब बनली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ‘नीरा’ची व्याख्या केली : किण्वन होऊ नये म्हणून प्रक्रिया केलेल्या पात्रात गोळा केलेला, न आंबलेला रस. व्यवहारात ही प्रक्रिया म्हणजे बहुधा मडक्याला आतून लावलेली चुन्याची निवळी. कायद्याची गरज या व्याख्येने भागते. तिने एका वाहत्या क्रियेवर एक रेषा ओढली आणि अलीकडच्या भागाला एक नाव, पलीकडच्या सर्व अवस्थांना दुसरे नाव दिले. परंतु त्या पलीकडच्या भागात सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा निदान तीन माड्या आहेत, आणि परवान्याच्या भाषेत त्यांना निराळी नावे नाहीत.

बाजाराने हा संकोच आणखी वाढविला. वाडीतच पिणाऱ्याला झाड, घटका आणि काढणारा हे तिन्ही ठाऊक असत. दूरच्या विक्रीकेंद्रावर पिणाऱ्याला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याच्या हाती चार वाक्यांपैकी एकच उरते : ‘चढते.’ आणि अंमल हाच एकमेव निकष ठरला की तो अंमल माडीतून आला की अन्यत्रून, याला महत्त्व राहत नाही. महाराष्ट्रात क्लोरल हायड्रेट या गुंगी आणणाऱ्या द्रव्याची माडी-ताडीत भेसळ होते ती याच फटीतून. पाणी, गोडीसाठी सॅकरिन, पांढरेपणासाठी काही भुकटी आणि अंमलासाठी हे द्रव्य, एवढ्यावर झाडावाचून ‘माडी’ तयार होते. तेलंगणातील ताडीत झोपेच्या औषधांचीही भेसळ आढळलेली आहे. अशा पेयाने सवय जडते, प्रकृती ढासळते आणि प्रसंगी जीवही जातो. दुसरीकडे, झाडावर चढणाऱ्याचे खरे श्रम बाजारात बनावट मालाच्या भावाने मोजले जातात.

येथे जाणकार जीभ प्रयोगशाळेची जागा घेऊ शकेल असे सुचवावयाचे नाही. भेसळीचा निर्णय रासायनिक परीक्षणानेच झाला पाहिजे. परंतु संशय प्रथम कोठे तरी उत्पन्न व्हावा लागतो. खरी माडी सकाळी आणि संध्याकाळी एकाच चवीची राहू शकत नाही. जी माडी दिवसभर सारखीच गोड आणि सारखीच कडक राहते, तिच्याविषयी ‘झाली’ हा प्रयोग करताच येत नाही. आणि तोच संशयाचा पहिला आधार होय. हा आधार त्यालाच सापडतो ज्याच्या भाषेत माडीची वेळ सांगण्याची सवय जिवंत आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, माडीच्या चवीविषयीचा मतभेद अनेक स्तरांचा असतो. वस्तूचा भेद झाड, घटका, ऋतू आणि मडके विचारल्याने सुटतो. शब्दाचा भेद ‘आहे’ आणि ‘लागते’ वेगळे केल्याने व गाळलेला ‘मला’ परत आणल्याने सुटतो. जिभेचा भेद सुटत नाही, पण तो मोजता येतो. हे सर्व झाल्यावर जो भाग उरतो तो खऱ्या आवडीचा. तेथे मात्र ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपल्या योग्य जागी येते.

किनाऱ्यावरील बोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच रुचिवाचक शब्द सुटे गोळा करून थांबू नये. प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या क्रियापदासह, कोणत्या झाडाच्या, किती वाजता काढलेल्या आणि किती वाजता प्यालेल्या रसाविषयी उच्चारला गेला याची नोंद असावी. झाडावर चढणाऱ्यांची संख्या जेथे घटत चालली आहे, तेथे हे काम पुढच्या पिढीवर टाकण्याजोगे नाही.